भिंतीकडची कूस

कवळी जांभळी झाली तेव्हा ऑडनीला आधी वाटलं, पोरानं चुकून भलतीच बाटली उचलली. सोन्द्रे तिच्यापुढे पोरच, तिशीसुद्धा गाठली नसेल, पण दातांचा डॉक्टर. त्यानं तिची वरची कवळी बशीत ठेवली, तिच्यावर रंगाचं पाणी ओतलं, नळाखाली धरून चांगली खळखळून धुतली आणि तिच्यापुढे आणली. धुतल्यावर रंग जायला हवा होता. गेला नव्हता. टाळूला चिकटणारी गुलाबी बाजू सगळी जांभळी, दातांच्या मुळाशी जांभळ्या रेघा, आणि मधे बारीक बारीक चरे, तेही जांभळे. "रंग जंतूंच्या थरालाच धरून बसतो," सोन्द्रे म्हणाला. "स्वच्छ जागेवर टिकत नाही." ऑडनी तोंडावर हात धरून बसली होती. दात तोंडात नसले की तिचा हात आपोआप तिथे जाई. पासष्ट वर्षांची सवय ती, मरतानाही हात तिथेच जाणार. "थकाळीच घाथली होती," ती हाताआडून म्हणाली, आणि ते बोबडं स्वतःच्याच कानांनी ऐकून ओशाळली. यापुढे तिचं बोलणं सरळ करूनच सांगितलेलं बरं. तिलाही तेच आवडलं असतं.

"टूथपेस्ट लावून घासतेस?" सोन्द्रेनं विचारलं. ऐंशी वर्षांच्या बाईला तो अगंतुगं करत होता, पण त्यात वावगं काही नव्हतं. या देशात आता डॉक्टर, पाद्री, पंतप्रधान, सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. तुम्ही म्हणणारी माणसं ऑडनीच्या वयाबरोबर संपत आली आहेत. "लावून," ती म्हणाली. "दिवसातून दोनदा. हात दुखेपर्यंत." सोन्द्रेनं मान हलवली. "तिथंच घात झाला. टूथपेस्ट दातांसाठी. प्लास्टिकवर तिनं ओरखडे उठतात आणि एकेका ओरखड्यात यांचं बिऱ्हाड बसतं. तू जितकं घासलंस तितकी घरं बांधून दिलीस त्यांना." मग त्याला बोलायचा हुरूप आला. हिरडीची कातडी रोज झडते, म्हणाला, तिच्यावर बसलेले तिच्याबरोबर पोटात जातात आणि संपतात. प्लास्टिक झडत नाही, बसले ते बसले. दात असतात तेव्हा तोंडात एक वस्ती असते. दात उपटले की ती बरीचशी उठते. कवळी आली की दुसरीच वस्ती येते, बुरशीसकट. आणि बारा वर्षांपूर्वी खालची कवळी हलू नये म्हणून जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू बसवले, तर त्यांच्या कडेनं दातांजवळचे जुने जंतू पुन्हा येऊन बसले. डाव्या स्क्रूभोवतीचं हाड त्यांनी खाल्लं होतं. तो स्क्रू पंधरा दिवसांनी काढायचा होता. "म्हणजे माझे दात परत आले नाहीत," ऑडनी म्हणाली, "भाडेकरू तेवढे आले." सोन्द्रे हसला, आणि हसता हसताच त्यानं विचारलं, "झोपताना काढून ठेवतेस ना पण?"

"ठेवते," ऑडनी म्हणाली. हे खोटं ती इतकी वर्षं बोलत आली होती की ते खऱ्यासारखंच गुळगुळीत झालं होतं. सोन्द्रेनं आरसा तिच्या हातात दिला, तोंड उघडायला सांगितलं आणि टाळूवर उजेड पाडला. टाळूवर लालबुंद नकाशा होता, कवळीच्या कडेबरहुकूम. कवळी संपत होती तिथं लाली संपत होती. "रात्री मोकळी राहणारी टाळू अशी दिसत नाही, ऑडनी," तो म्हणाला. रागावून नाही म्हणाला, तेच तिला जास्त लागलं. मग त्यानं कागद काढला. मार्चमध्ये न्यूमोनिया, सप्टेंबरात पुन्हा न्यूमोनिया. दुसऱ्या खेपेला हॉस्पिटलात तिच्या कफात जे जंतू सापडले तेच मागच्या आठवड्यात तिच्या कवळीवरून खरवडून घेतलेल्या थरात सापडले होते. झोपेत लाळ नकळत खाली उतरते आणि हे तिच्याबरोबर फुप्फुसात जातात. "तिसरा न्यूमोनिया तुला झेपणार नाही. झोपशील तेव्हा दोन्ही बाहेर. दुपारी डोळा लागला तरी बाहेर. घरी तुझ्या नवऱ्याला, तोरलाइवला कोण बघतं?" "मीच बघते." "मग तर विचारच नको," सोन्द्रे म्हणाला. ऑडनीनं कवळी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. सत्तावन्न वर्षं ज्याला विचारायला हवं होतं त्याला न विचारलेला प्रश्न तिनं या पोराला विचारला. "वास येतो का रे माझ्या तोंडाला?" सोन्द्रे जरा घुटमळला. "थोडा येतो. एवढा थर असला की येणारच."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. नोव्हेंबरचा पाऊस काचेवरून वाहत होता, बर्गनमध्ये त्याला कुणी पाऊस म्हणतसुद्धा नाही, ती हवाच आहे इथली. तिला रडू येत नव्हतं. सोन्द्रेचे दोन शब्द ती मनात घोळवत होती. येतो थोडा. म्हणजे खरं होतं तर. जे ती आयुष्यभर मनाचे खेळ म्हणून दाबत आली ते खरं होतं, त्याचा रंगसुद्धा आज तिनं डोळ्यांनी पाहिला. शेजारच्या सीटवर एक कॉलेजातली मुलगी सफरचंद खात होती, कराकरा, सालीसकट, रस हनुवटीवर ओघळतोय याची शुद्ध नाही. ऑडनीनं पंधराव्या वर्षानंतर सफरचंद असं कधी खाल्लं नव्हतं. एकोणीसशे त्रेपन्नचा मार्च. मे महिन्यात चर्चमध्ये तिचा दीक्षाविधी व्हायचा होता. त्या वयाच्या पोरापोरींचा होतो तसाच, आणि तो झाला की मूल मोठं झालं असं धरायचं. कुणाला घड्याळ मिळे, कुणाला चांदीचा ब्रोच. त्यांच्या बेटावर मुलींना दात मिळत. पुढे दातांचं दुखणं नको, नवऱ्याच्या डोक्याला खर्चाचा ताप नको, म्हणून होते ते सगळे उपटायचे आणि अख्खी नवी कवळी भेट द्यायची. वडील कौतुकानं तिला बोटीतून शहरात घेऊन गेले होते. तिचे दोनच दात किडले होते. उपटले सव्वीस. दोन खेपांमध्ये. प्रत्येक दात कथलाच्या भांड्यात पडताना टण् वाजे, आणि बाहेर बाकावर बसलेले वडील ते मोजत होते, परत येताना बोटीत म्हणाले, "आज चौदा झाले." त्यांच्या आवाजात अभिमान होता. त्यांनी माशांच्या तीन हंगामांतून बाजूला काढून ठेवलेले पैसे तिच्यासाठी चालले होते, मग त्यांना दोष कसा द्यायचा.

हिरड्या भरून येईपर्यंत दोन महिने ती रुमाल बांधून हिंडली. बोळक्या तोंडाची पंधरा वर्षांची पोर. शाळेत ती एक अक्षर बोलली नाही. मेमध्ये नवे दात आले, पांढरेशुभ्र, एका ओळीत, तिच्या तोंडापेक्षा जरा मोठेच. पाद्रीनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनं खणखणीत दिली आणि अख्ख्या चर्चनं तिच्याकडे पाहिलं. "काय देखणी दिसतेय," बायका म्हणाल्या. त्या संध्याकाळी आईनं तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. आईनं स्वतःची कवळी काढली आणि तिच्याकडे तोंड केलं. ऑडनीनं आईचं ते तोंड त्याआधी पाहिलं नव्हतं. गाल आत गेलेले, नाक खाली आलेलं, हनुवटी वर आलेली, पस्तिशीची बाई सत्तरीची होऊन समोर उभी. आईनं कवळी पुन्हा घातली. "बघितलंस? हे नवऱ्याला कधी दाखवायचं नाही. आजारी पडलीस तरी नाही, बाळंत झालीस तरी नाही. तुझ्या बापानं अजून पाहिलेलं नाही." हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, इथे खायचे उपटून टाकले होते आणि दाखवायचे तेवढे ठेवले होते.

तोरलाइव भेटला तो फळांच्या बोटीवर. हारडांगरच्या बागाईतदाराचा धाकटा मुलगा, सप्टेंबरात सफरचंदांच्या पेट्या घेऊन बर्गनच्या धक्क्यावर उतरे. ऑडनी तेव्हा धक्क्यासमोरच्या बेकरीत काउंटरवर उभी राही, आणि तिचं हसू बघायला खलाशी दालचिनीचे पाव जास्तीचे घेत, असं मालकीणच म्हणे. एकोणीसशे एकोणसाठमध्ये एका दुपारी त्यानं खिशातून सफरचंद काढलं, बाहीला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं. "घ्या. झाडावरून कालच उतरवलंय. तुम्ही खाऊन तर बघा." तेव्हा अनोळखी बाईला तुम्ही म्हणायची रीत होती. ऑडनीच्या हातात ते गार, टणक, लाल रेघांचं सफरचंद होतं, आणि समोर तो उभा होता, चावा कधी घेते याची वाट बघत. एक चावा, की कवळी सुटून फळात रुतली असती. ती हसली, सफरचंद एप्रनच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "घरी गेल्यावर खाईन." पुढच्या खेपेला त्यानं आणलेलं सफरचंद कापलेलं होतं, कागदात गुंडाळलेल्या पातळ फोडी, कडा तपकिरी पडलेल्या. "तुला असं बरं पडेल," म्हणाला. तेव्हापासून तू. ऑडनीला वाटलं, बागेतली माणसं, फोडी करूनच खात असतील. प्रेमात माणूस किती बावळट असतं. तिनं त्यावर पुन्हा कधी विचारही केला नाही.

लग्न झालं आणि त्या पहिल्याच महिन्यात तो भिंतीकडे वळला. पलंग भिंतीला लागून, आतली जागा त्याची, बाहेरची तिची. दिवा मालवायचा, तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा, शुभरात्र म्हणायचा आणि उजव्या कुशीवर होऊन भिंतीकडे तोंड करायचा. सकाळपर्यंत तसाच. त्यानं कधी तिच्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, पगार हातात दिला, सीव झाली तेव्हा लेकीला घेऊन घरभर नाचला. रात्री मात्र पाठ. एवढी रुंद पाठ, फ्लॅनेलचा शर्ट, मानेवरची ती उसवल्यासारखी केसांची रेघ. ती पाठ बघत ऑडनी जागी राही आणि कवळीच्या आत जीभ फिरवत कारण शोधत राही. कारण तिला सापडलंही होतं. झोपेत दात तसेच, चोवीस तास तसेच, तोंडाला वास येत असणार. आणि हा भला माणूस, बोलून दाखवत नाही, नुसती पाठ करतो. मग तिनं घासायला सुरुवात केली. मिठानं, सोड्यानं, मग टूथपेस्टनं. उशीखाली बडीशेपेच्या लाल गोळ्या ठेवल्या, अंधारात एक तोंडात टाकायची आणि श्वास रोखून वाट बघायची, वळतो का. वळला नाही. आईचा शब्द मोडून कवळी काढावी, म्हणजे वास तरी जाईल, असं कधी कधी मनात येई. पण मग बोळकं तोंड दिसेल. वास की तोंड, या दोहोंतून तिनं वास निवडला, आणि विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर काय झालं असतं ते आता कोण सांगणार.

घरी पोचली तेव्हा सकाळी येणारी नर्स कोट चढवून दारातच उभी होती. "आज शहाण्यासारखा वागलाय," नर्स म्हणाली, आणि गेली. तोरलाइव खिडकीशी खुर्चीत बसला होता, त्र्याऐंशी वर्षांचा, दाढी केलेला, मांडीवर हात. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि ते रिकामं पाहणं तिच्या अंगावर आलं. दर वेळी येतं. दोन वर्षांत त्याच्यातून एकेक गोष्ट निघून गेली होती. आधी आठवड्याचे वार, मग फळबागेतल्या भावांची नावं, मग सीवसुद्धा. लेक ट्रॉन्डहाइमहून आली की तो तिला बेकरीची मालकीण समजतो. उरली होती ती एकटी ऑडनी. ती दारात उभी राहून हसली. रुंद हसली, सगळे दात दिसतील अशी. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. "ऑडनी," तो म्हणाला. "कुठे गेली होतीस? कॉफी गार झाली." तिला ओळखायची त्याच्याकडे एवढी एकच खूण उरली होती, ते हसू. कपडे बदलले, केस कापले, टोपी घातली तरी चाले. हसू हवं. हे तिला कळलं होतं सप्टेंबरात, हॉस्पिटलात. तिथे श्वासासाठी नळी लावताना नर्सनं दोन्ही कवळ्या काढून डबीत ठेवल्या होत्या. सीव बाबांना घेऊन भेटायला आली. तोरलाइव हातात पिशवी धरून आला, तिच्या पलंगापाशी थांबला, तिच्याकडे नीट पाहिलं, अदबीनं मान लववली आणि पुढच्या पलंगाकडे गेला. "ऑडनी कुठल्या खोलीत आहे?" त्यानं तिथल्या बाईला विचारलं. ऑडनीला हाक मारायची होती. दम नव्हता, दात नव्हते. तो खोलीभर तिला शोधत हिंडला आणि शेवटी रडायला लागला, तेव्हा सीव त्याला बाहेर घेऊन गेली.

संध्याकाळी सीवचा फोन आला. ऑडनीनं सगळं सांगितलं, वासाचं सोडून. "मग काढून ठेव ना, आई," सीव म्हणाली. "एवढं काय त्यात? तुझ्या जिवावर उठलंय ते." "हल्ली रात्री त्याला जाग येते. उठून माझ्याकडे बघतो. मी दिसले की झोपतो." "मग तू दिवाणखान्यात झोप." "मी नसले की दारं उघडत सुटतो. परवा मोजे घालून रस्त्यावर उभा होता." सीव शाळेत शिकवते, तिला अडचण सुटेपर्यंत चैन पडत नाही. "आई, स्पष्ट बोलते, रागावू नकोस. बाबांना काय कळतंय आता? आज ओळखतात, उद्या तसंही ओळखणार नाहीत. त्यासाठी तू मरायचं का? आणि तू गेलीस तर त्यांना त्याच आठवड्यात वृद्धाश्रमात ठेवतील." "ते मला माहीत आहे." "माहीत आहे तर मग काढ. तुला मेलीला लाज वाटते, दुसरं काही नाही." यावर ऑडनी हसली, कारण लेकीनं नेमकं तिच्या आजीच्या आवाजात म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर लेकीचं एक वाक्य कानात राहिलं. उद्या तसंही ओळखणार नाहीत. त्या उद्यासाठीच तर ती ऐंशी वर्षांचा देह ओढत होती. त्याच्या डोक्यात जी शेवटची एक बाई उरली होती तिला स्वतःच्या हातानं पेल्यात काढून ठेवायचं, आणि तेही त्याच्यासाठीच जगायचं म्हणून. असला हिशेब देवानं कुणाला घालू नये.

त्या रात्री ती कवळीसकट पडली, झोप धड लागली नाही. त्यापुढची रात्रही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, तिला खोकला सुरू झाला. साधाच असेल, गार हवेचा असेल, पण खोकताना तिला डोळ्यांपुढे जांभळं दिसे. तोंड मिटलं की आतली वस्ती जाणवे. टाळूवर, चऱ्याचऱ्यांत, डाव्या स्क्रूच्या मुळाशी, सगळे आपापल्या दारात बसलेले, तिचा डोळा लागायची वाट बघत. गुरुवारी इथे घरोघर करतात म्हणून तिनं किसलेल्या बटाट्याचे गोळे आणि खारं मटण केलं. तोरलाइवनं दोन गोळे खाल्ले, तिसरा खिशात घालायला निघाला, तो तिनं हळूच काढून घेतला. मग तिनं सफरचंद कापलं, पातळ फोडी. जेवल्यावर दोघं पडत, ही त्यांची जुनी सवय. तो आत गेला, पलंगावर चढला आणि भिंतीकडे वळला. सगळं विसरला, पण हे विसरला नाही; तिच्याकडे पाठ करायला मात्र त्याला कुणी आठवण करून द्यावी लागत नव्हती. आणि त्या क्षणी तिला त्याचा राग आला, खरा, तरुणपणीचा राग. आयुष्यभर तू मला नाक मुरडलंस आणि मी तुझ्या डोळ्यांसाठी मरू? ती न्हाणीघरात गेली. अंगठा आत घालून तिनं खालची कवळी ओढली, स्क्रूंवरून ती टक् करून सुटली. वरची जरा चिकटली, मग आली. पेल्यात पाणी घेतलं. आरशात तिची आई उभी होती, दार लावून घेतलेल्या स्वयंपाकघरातली. तोंडात हवा शिरली, गार, आणि टाळूवरची आग जरा निवली. इतकं बरं वाटेल असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पेला तिनं पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, हात पुरेल असा, आणि आवाज न करता आडवी झाली. वेगवेगळी पांघरुणं, मधे एवढीशी फट, पलीकडे ती पाठ. तो उठायच्या आत घालायची, असं तिनं ठरवलं होतं. पण दोन रात्रींची झोप राहिली होती, तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा तो तिच्याकडे वळलेला होता. कोपरावर रेलून बघत होता. खिडकीत अजून दिवसाचा करडा उजेड होता. लपायला काहीच नव्हतं. तिचा हात तोंडावर गेला, पण उशीर झाला होता. "माफ करा," तोरलाइव म्हणाला. "तुम्ही बहुतेक चुकून इथे पडलात. ही जागा माझ्या बायकोची आहे."

तुम्ही. एकोणसाठ वर्षांनी तो शब्द तिच्या कानावर आला, धक्क्यावर आला होता तसाच, मऊ, अदबीचा. पेला घ्यायला तिनं हात लांबवला, तर त्याचं लक्ष पेल्याकडे गेलं. पाण्यातले दात त्यानं कुतूहलानं पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला, आपल्यातलंच माणूस भेटल्यासारखा. "राहू द्या, राहू द्या. घाई नाही. ती बेकरीत गेलीय, यायला वेळ आहे. तुम्ही काढून ठेवता ते चांगलं करता. आमची ऑडनी नाही काढत." तो थोडा वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तिला वाटतं मला माहीत नाही." ऑडनीचा हात पेल्यापाशी तसाच राहिला. "तुम्हाला... कसं माहीत?" तिनं विचारलं. हे तुम्ही तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. "सफरचंद खिशात घातलं हो तिनं. आमच्याकडच्या पोरी असंच करायच्या. माझ्या दोन्ही बहिणींचे दात असेच उपटले, चांगले धडधाकट दात. रात्री त्या काढून ठेवायच्या, तेव्हा कुठे बिचाऱ्यांना बरं वाटायचं. हिरड्या लाल व्हायच्या, रक्त यायचं. मला बघवायचं नाही." तो बोलायचा थांबला. धागा सुटला असं तिला वाटलं. पण तो भिंतीकडे बघत होता, तिच्यावर चिकटवलेल्या कागदाच्या वेलबुट्टीकडे. "म्हणून मी इकडे तोंड करून झोपतो. म्हटलं, मी पाठ केली की ती काढेल. मोकळी होईल जरा. रोज वाट बघतो. पाण्याचा आवाज येतो का, पेल्याचा आवाज येतो का. उजवा खांदा कामातून गेला माझा, डॉक्टर म्हणतो कूस बदला. कशी बदलणार? वळलो आणि नेमकी तेव्हाच तिनं काढलेली असली तर?"

"काढली का तिनं कधी?" ऑडनीनं विचारलं. आवाज तिचा नव्हताच, हवेचा होता नुसता. "नाही," तोरलाइव म्हणाला. "हट्टी आहे. बडीशेपेच्या गोळ्या खाते अंधारात, पोरीसारखी. छान वास येतो. वाटतं, वळावं." तो हसला. मग गंभीर झाला. "तिला सांगू नका हं तुम्ही. फार लाजेल ती." सत्तावन्न वर्षं ऑडनीच्या छातीवरून चालत गेली, एकेक रात्र, आणि प्रत्येक रात्री ती पाठ वेगळी दिसायला लागली. त्या पाठीला आज हात लावायचा होता. त्याला सांगायचं होतं की मला कळलं, आत्ता कळलं, मूर्ख आहोत आपण दोघं. सांगायला ऑडनी हवी होती. ऑडनी पेल्यात होती. दात घातले असते तर त्यानं ओळखलं असतं, कॉफी मागितली असती, आणि हे सगळं पुन्हा कधीच बोलला नसता. ज्या बाईपासून लपवायचं तिलाच कसा सांगेल. ती उठून बसली. तोंडावरचा हात तिनं काढला. आईचा शब्द तिनं मोडला, अख्खा चेहरा त्याच्याकडे केला, आत गेलेल्या गालांसकट, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "तोरलाइव, मीच ऑडनी. बघ माझ्याकडे. मी काढली रे. काढली बघ."

त्यानं बघितलं. खूप वेळ बघितलं, खरोखर प्रयत्न करून बघितलं. मग त्यानं तिचा हात हळूच थोपटला आणि आपला हात सोडवून घेतला. "नाही हो," तो म्हणाला, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं. "ऑडनी कधीच काढत नाही." आणि पांघरूण खांद्यावर ओढून, त्या परक्या बाईला मोकळं वाटावं म्हणून, तो भिंतीकडे वळला.